हलतंय कुठं?

माझा धंदा वजनकाट्यांचा आहे. कोल्हापुरात मार्केट यार्डातले गुळाचे काटे, भंगारवाल्यांचे प्लॅटफॉर्म काटे, एखाद्या दूध संकलन केंद्रातला छोटा काटा, सगळं दुरुस्तीला येतं. काट्याच्या पोटात लोडसेल नावाचा धातूचा ठोकळा असतो. वर वजन ठेवलं की हा ठोकळा वाकतो. डोळ्याला दिसणार नाही इतकाच वाकतो, पण त्याच्यावर चिकटवलेल्या पट्टीतल्या बारीक तारा तेवढ्यानंही ताणल्या जातात, त्यांचा रोध बदलतो आणि तो बदल मोजून पडद्यावर किलो-ग्रॅमचे आकडे उमटतात. थोडक्यात, गेली बावीस वर्षं माझं घर धातू वाकतो या एकाच गोष्टीवर चाललंय. आणि तरीही घरी सीएनसी, म्हणजे संगणकाच्या हुकमावर कापणारं मशीन बांधताना मी धरून चाललो होतो की बारा मिलिमीटरची प्लेट म्हणजे पक्की, ती कशाला वाकतेय!

मशीन बांधायचं कारण साधं होतं. काट्याच्या डिस्प्लेला ॲल्युमिनियमची चौकट लागते, लोडसेलखाली ठरावीक मापाची बैठक लागते, आणि हे सगळं दोन-दोन, चार-चार नग. उद्यमनगरात जॉबवर्कला गेलं की समोरचा माणूस ड्रॉइंग बघायच्या आधी नगांची संख्या विचारतो. दोन म्हटलं की चहा पाजतो आणि पुढच्या आठवड्यात ये म्हणतो. त्याचंही बरोबर आहे, दोन नगांसाठी कोण सेटिंग बदलणार? असे तीन-चार पुढचे आठवडे गेल्यावर मी मागच्या पडवीत स्वतःचं मशीन जुळवायला घेतलं.

पहिलं मशीन दिसायला देखणं होतं, आजही फोटो बघितला की बरं वाटतं. ॲल्युमिनियम प्रोफाइलचा खाली चौथरा, त्यावर पुढं-मागं पळणारी गँट्री, म्हणजे दोन उभ्या प्लेटी आणि त्यांच्यामध्ये आडवे दोन गोल पोलादी दांडे. दांडे 20 मिलिमीटरचे, 600 मिलिमीटर लांब, फक्त टोकांना पकडलेले. त्यांच्यावरून झेड अक्ष, म्हणजे वर-खाली होणारा भाग, सरकायचा आणि त्याला खाली कटर फिरवणारा दीड किलोवॉटचा स्पिंडल लटकलेला. सरकवायला 1605 मापाचे बॉलस्क्रू आणि स्टेपर मोटरी, त्यांना हुकूम द्यायला आर्डुइनोच्या छोट्या बोर्डावर जीआरबीएल हा प्रोग्रॅम. इलेक्ट्रॉनिक्स हा माझा हातखंडा, त्यामुळं ते पहिल्या दिवशीच चाललं. लाकडावर नावाच्या पाट्या कोरल्या, ॲक्रिलिक कापलं, नातेवाइकांना गणपती वाटले. महिनाभर मी हवेत होतो.

मग सहा मिलिमीटरची ॲल्युमिनियमची प्लेट लावली.

तो आवाज कसा सांगू? पाटीवर नखं ओढावीत आणि ते कुणी कर्ण्यातून ऐकवावं, तसं काहीतरी. शेजारची खिडकी धाडकन बंद झाली. कापलेल्या खाचेची कड बघितली तर माशाचे खवले. मापाला 30 ची खाच एका बाजूनं 30.2 आणि दुसऱ्या बाजूनं 29.9. कटर बदलला, फीड, म्हणजे कटर पुढं सरकायचा वेग, कमी केला, एका वेळची खोली अर्ध्या मिलिमीटरवरून 0.2 वर आणली. आवाज जरा बारीक झाला, खवले जरा लहान झाले, इतकंच. एक ब्रॅकेट व्हायला दीड तास.

मी निदान करून मोकळा झालो की मशीन हलकं आहे. चौथरा हलतोय म्हणून सगळं हलतंय. आधी खाली कडप्पा घातला. मग फॅब्रिकेटरकडून 60 बाय 60 च्या चौकोनी पाइपचं भक्कम स्टँड करून घेतलं, कोपऱ्याकोपऱ्याला तिरप्या पट्ट्या मारून. ते पडवीत आणायला चार माणसं लागली. त्यावर मशीन ठेवलं, बोल्ट आवळले, तीच प्लेट पुन्हा लावली. आवाज तोच. खवलेही तेच. फरक एवढाच की आता ते सगळं कमरेच्या उंचीवर चाललं होतं.

आमच्या गल्लीत अण्णा राहतात. शिरोलीच्या एका कारखान्यात मशीन टूलच्या असेंब्लीला फिटर होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. आवाज ऐकून आले ते चप्पल न काढता थेट पडवीत. स्टँडवरून हात फिरवला, वेल्डिंग चांगलं आहे म्हणाले. मग स्पिंडलचं नाक अंगठा आणि दोन बोटांत धरून जरासं पुढं-मागं केलं, जणू एखाद्याचा दात हलतोय का बघावं तसं.

"हे कशाला केलंस?" स्टँडकडं बोट दाखवून त्यांनी विचारलं.

"हलत होतं म्हणून, अण्णा."

"ते दिसतंय की. पण हलतंय कुठं?"

माझ्याकडं उत्तर नव्हतं. आजार रेड्याला आणि इंजेक्शन पखालीला, हे मी आजवर गिऱ्हाइकांना सांगत आलो होतो. काटा चुकतोय म्हणून डिस्प्ले बदलून घेणारे रोज भेटतात, आणि दोष असतो खालच्या प्लेटीत अडकलेल्या गुळाच्या ढेकळात.

त्या संध्याकाळी अण्णांनी मोजायला लावलं. साधनं तर माझ्याच घरात होती, हे जास्त लागलं. काटे तपासायची बिडाची वजनं, 5 आणि 20 किलोची. एक कप्पी, एक वायर. कटरच्या जागी 10 मिलिमीटरचा आखूड पोलादी तुकडा पकडला, त्याला वायर बांधून कप्पीवरून खाली 5 किलोचं वजन सोडलं, म्हणजे साधारण 50 न्यूटनची आडवी ओढ. मॅग्नेट स्टँडवर डायल गेज, म्हणजे बारीकशी सरकही तबकडीवर दाखवणारं साधन, लावून बघायचं की टोक किती सरकतं. नुसतं टोक बघून भागत नाही, ही खरी मेख. डायल एकेका सांध्याला न्यायचा. आधी टोक टेबलाच्या मानानं, मग स्पिंडलची पकड झेडच्या प्लेटीच्या मानानं, मग झेड दांड्यांच्या मानानं, दांडे उभ्या प्लेटींच्या मानानं, उभ्या प्लेटी चौथऱ्याच्या मानानं.

आकडे अजून त्या वहीत आहेत. टोक सरकलं 0.60 मिलिमीटर. त्यातलं 0.41 एकट्या त्या दोन देखण्या गोल दांड्यांचं. उभ्या प्लेटींचं 0.08, झेडचं 0.06, स्पिंडलच्या पकडीचं 0.03. आणि चौथऱ्याचं 0.02.

मी ज्याच्यावर स्टँडचे पैसे घातले होते तो सगळ्या दुखण्याचा तिसावा हिस्सा होता. चौथरा वज्राचा केला असता तरी 0.60 चं 0.58 झालं असतं.

इथं थोडं गणित, कारण त्याशिवाय मला स्वतःलाच पटलं नव्हतं. कटर जॉबला, म्हणजे कापायच्या तुकड्याला, ढकलतो, जॉब कटरला. तो जोर कटरमधून स्पिंडलमध्ये, तिथून झेडमध्ये, दांड्यांत, उभ्या प्लेटींत, चौथऱ्यात, टेबलात, व्हाइसमध्ये आणि फिरून जॉबमध्ये येतो. एक पुरं रिंगण. या रिंगणातला प्रत्येक तुकडा स्प्रिंग आहे, आणि स्प्रिंगा एकीमागं एक जोडल्या की त्यांच्या ताणांची बेरीज होते. त्यामुळं सगळ्यांत मऊ स्प्रिंग सगळ्यांवर राज्य करते. बाकीच्या कितीही ताठ करा, बेरजेत फारसा फरक पडत नाही.

आता दांडा एवढा मऊ का? 20 मिलिमीटरचं पोलाद हातात घेतलं तर ते वाकेल असं कुणाला वाटेल? पण 600 मिलिमीटरच्या, टोकांना नुसत्या टेकलेल्या अशा दांड्याच्या मध्यावर 10 किलो टांगले तर तो पाव मिलिमीटरहून जास्त झुकतो. लांबीचा घन होतो, हे त्याचं कारण. लांबी निम्मी केली की ताठपणा आठपट. जाडीचा तर चौथा घात, 20 च्या जागी 25 चा दांडा घेतला की जवळजवळ अडीचपट. याच्यावर कडी म्हणजे माझा कटर दांड्यांच्या दीडशे मिलिमीटर खाली लटकलेला आणि वरचा-खालचा दांडा एकमेकांपासून फक्त ऐंशीवर. झारा शेवटच्या टोकाला धरून कढईतलं जड पुरण ढवळून बघा, मनगटाला काय होतं ते. टोकावरच्या 50 न्यूटनला दोन दांड्यांनी मिळून पिळाचा जो विरोध करायचा, त्यात खालच्या दांड्यावर शंभराहून जास्त न्यूटन येत होते. बिचारा 0.41 वर थांबला हेच खूप.

अण्णांना यातलं एकही सूत्र लागत नव्हतं. ते म्हणाले, एसटीत उभं राहताना पाय जुळवून उभा राहतोस का? त्यांच्या लेखी झेडला धरून सरकणाऱ्या ब्लॉकमधलं अंतर का वाढवायचं याचा खुलासा एवढाच.

जुन्याला ठिगळं लावायचं सोडून नवं बांधायचं ठरलं. या वेळी गँट्री हलणार नव्हती. ती खाली पक्की बसवायची आणि टेबल सरकवायचं. हलणारी गँट्री हलकी ठेवावी लागते, नाहीतर मोटरींना ओढवत नाही. उभी राहणारी कितीही जड चालते. गोल दांडे जाऊन त्या जागी चौकोनी लिनिअर रेल, पूर्ण लांबीभर खालून आधार असलेल्या.

आडव्या बीमसाठी मी जाडजूड सी-चॅनेल आणून ठेवला होता. वजनाला चांगला, स्वस्त, रेल बसवायला आत हात जातो. अण्णांनी तो बघितला आणि काही न बोलता भिंतीवरचं जुनं कॅलेंडर काढलं, त्याचं एक पान फाडून सुरळी केली. दोन टोकं धरून पिळली. कागदाच्या कडा एकमेकींवरून सरकल्या आणि सुरळी सहज पिळली गेली. मग माझ्याकडून इन्सुलेशन टेप मागून घेतली, त्याच सुरळीची फट वरपासून खालपर्यंत चिकटवली आणि माझ्या हातात दिली. "आता पिळ." पिळेना. तोच कागद, तेवढाच कागद, फक्त फट बंद.

रात्री बसून हिशेब केला. 100 बाय 100 चा, 5 मिलिमीटर जाडीचा चौकोनी पाइप आणि तोच पाइप लांबीच्या एका रेषेत चिरलेला. पिळाला विरोध करायची त्यांची ताकद तुलनेला घेतली तर बंद पाइप अडीचशे पटींहून जास्त ताठ निघतो. चॅनेल म्हणजे एक बाजूच नसलेला पाइप. तो मी फॅब्रिकेटरला परत केला. त्यानं पन्नास रुपये कमी करून घेतला आणि वर विचारलं, "स्टँडही परत द्यायचंय का?" त्याचा टोमणा अजून विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी अण्णांनी रिकाम्या काडेपेटीचं बाहेरचं टरफलही दाबून दाखवलं. ते लगेच तिरकं होतं, पण आतला खण घातला की होत नाही. म्हणून 150 बाय 100 च्या पाइपच्या दोन्ही तोंडांना जाड प्लेटी वेल्ड करून घेतल्या.

बाकीचा सांगाडा बिडाचा. कोल्हापुरात राहून बीड सोडून दुसरीकडं जाणं मला तरी पटेना. फाउंड्र्यांचं गाव हे. एका बंद पडलेल्या वर्कशॉपचं भंगार निघालं होतं, त्यात टी-स्लॉट असलेली बिडाची बेडप्लेट आणि दोन मोठ्या अँगल प्लेटी मिळाल्या. मागच्या अंगणात कितीतरी पावसाळे खाल्लेल्या, वरून तांबड्या. मी नाक मुरडलं. अण्णा खूष. कास्टिंग थंड होताना कुठं लवकर, कुठं उशिरा आवळतं आणि आत ताण अडकून राहतो. लगेच मशीनिंग केलं की नंतर ते हळूहळू वेडंवाकडं होतं. पूर्वी कास्टिंगं मुद्दाम उघड्यावर टाकून मुरवायची पद्धत होती. "लोणच्यागत," अण्णा म्हणाले. बिडाचा ताठपणा पोलादाच्या निम्म्याच्या आसपास असतो, पण त्याच्या पोटात ग्रॅफाइटच्या पापुद्र्या असतात आणि त्या थरथर गिळतात. वेल्ड केलेल्या बीमला मात्र मुरायला वेळ नव्हता, तो भट्टीत स्ट्रेस रिलीव्हिंगला पाठवला.

बीम परत आला. उभा करून लाकडी मोगरीनं ठोकला तर देवळातल्या घंटेसारखा टण्ण... आणि तो आवाज विरायलाच तयार नाही. मला तो ऐकून आनंद झाला, केवढा भक्कम! अण्णांचा चेहरा पडला. मशीनचा भाग असा गात बसला तर कटरच्या प्रत्येक दातासरशी तो गाणार. याच्या पोटात काहीतरी भरायला हवं.

भरायचं ते एपॉक्सी ग्रॅनाइट. नाव ग्रॅनाइट, पण आमच्याकडं क्रशरवर मिळतो तो सह्याद्रीचा काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. तो चालतो. खडी, ग्रिट आणि बारीक भुकटी ठरावीक प्रमाणात मिसळायची, म्हणजे मोठ्या खड्यांमधल्या फटी लहानांनी भराव्यात, आणि सगळ्याला कोट बसेल एवढंच रेझिन घालायचं. दगड धुतलेला आणि खडखडीत वाळलेला पाहिजे, ओल असली की एपॉक्सी धरत नाही. मे महिना. गच्चीवर एका ताडपत्रीवर बायकोच्या कुरडया, शेजारी दुसऱ्या ताडपत्रीवर माझी खडी. दोन्ही वाळवणं राखायला एकच काठी. कुरडयांत एक खडा सापडल्यावर माझी ताडपत्री दोन हात लांब सरकवण्यात आली.

भरायच्या दिवशी मी दोन किलो रेझिन आणि हार्डनर एका बादलीत घोटलं आणि तेवढ्यात फोन वाजला. यार्डातून होता. सौदे चालू आणि काटा शून्यावर येईना. पाच मिनिटं मी त्यांना फोनवर रिसेट कसं करायचं ते समजावत बसलो, पाचाची दहा झाली. परत वळलो तर बादलीतून पांढरा धूर. हे मिश्रण घट्ट होताना उष्णता सोडतं, आणि उष्णता वाढली की आणखी भराभर घट्ट होतं. पातळ थरात ती निघून जाते, बादलीत कोंडते. त्यात बाहेर अडतीस अंश. बघता बघता बादलीचा तळ मऊ होऊन फरशीला चिकटला आणि आत पिवळा, तडकलेला दगड. तो दगड मी ठेवलाय, दाराला अडसर म्हणून उत्तम चालतो.

दुसऱ्या खेपेला सावकाश घट्ट होणारा हार्डनर, पहाटे पाचची वेळ, अर्ध्या-अर्ध्या किलोचे घाणे, आणि घोटलं की लगेच खडीत. खडी उष्णता पिऊन घेते. बीम उभा करून थर-थर भरला, गजानं ठासला. फोन बायकोकडं. आठवड्यानंतर मोगरी मारली. ठक. जणू भिंतीवर मारली.

एक गैरसमज माझाही होता, तो इथं कबूल करतो. या भरावानं बीमचा ताठपणा फारसा वाढत नाही. ते मिश्रण पोलादाच्या फार तर सहाव्या-सातव्या हिश्शाइतकं ताठ असतं. त्यानं वाढतं ते वजन आणि मरते ती थरथर. ताठपणा आणि थरथर जिरवणं ही दोन वेगळी खाती आहेत आणि मी आयुष्यभर ती एकाच वहीत लिहीत आलो होतो. चॅटरचं, म्हणजे कापताना उठणाऱ्या त्या कर्कश थरथरीचं, मूळ या दोन्हींत आहे. फ्रेडरिक टेलर, ज्याचं नाव पुढं कारखान्यांच्या व्यवस्थापनाशी जोडलं गेलं, त्यानं धातू कापण्यावर सव्वीस वर्षं प्रयोग केले आणि 1907 साली छापलेल्या आपल्या निबंधात लिहून ठेवलं की कारागिराला छळणाऱ्या प्रश्नांत चॅटर हा सगळ्यांत अगम्य आणि नाजूक. त्याचा उलगडा 1950 च्या दशकात टोबायस, ट्लुस्टी अशा मंडळींनी केला. कटरचा एक दात थरथरत कापतो आणि मागं लाट सोडून जातो. पुढचा दात त्या लाटेवरून जाताना पुन्हा हलतो आणि आणखी मोठी लाट सोडतो. कच्च्या रस्त्यावर वळणाआधी जी करवतीसारखी उंचवट्यांची रांग तयार होते, ती अशीच. पहिल्या गाडीनं खाल्लेला गचका दुसरीला उडवतो आणि दुसरी तो खोल करते. मशीन ताठ असेल तर लाट लहान पडते, थरथर जिरवणारं असेल तर पुढच्या दातापर्यंत ती हलणं विसरतं. नुसतं वजन वाढवून यातलं काहीच होत नाही. माझ्या कडप्प्याला हे कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

बीमच्या रेलच्या आणि बैठकीच्या जागा भराव घट्ट झाल्यावरच प्लॅनो मिलरवर, म्हणजे मोठे तुकडे सपाट करणाऱ्या मशीनवर, मारून घेतल्या. क्रम महत्त्वाचा. आधी वेल्डिंग, मग भट्टी, मग भराव, शेवटी मशीनिंग. उलटं केलं तर भट्टीत एपॉक्सी जळतं किंवा मारलेली पातळी भरावानं ओढली जाते.

मशीन उभं राहिलं, 20 किलो लावले, डायल बघितला. 0.07. पूर्वी 5 किलोला 0.60 होतं, म्हणजे स्वर्गच. मी पेढे आणायला निघालो होतो. अण्णा मात्र डायल घेऊन सांधे फिरत होते. उभे खांब बेडप्लेटीच्या मानानं 0.03 डुलत होते. खांब बिडाचे, बेड बिडाची, बोल्ट बाराचे आणि पाना हातभर. मग डुलतंय काय? खांब उतरवला तर खाली माझा सुंदर राखाडी ऑइलपेंट. गंज परत चढू नये म्हणून मी बैठकीच्या जागेवरही दोन हात मारले होते. एवढ्या लोखंडात तो रबराचा तुकडाच.

पेंट थिनरनं काढला. अण्णांनी बेडप्लेटीवर मार्किंग ब्लू, म्हणजे टेकलेल्या जागी डाग सोडणारी निळी शाई, बोटानं पातळ फिरवली, खांब अलगद टेकवला, दोन सूत इकडं-तिकडं सरकवला आणि उचलला. एवढ्या मोठ्या बैठकीवर निळे डाग तीन. बाकी जागा कोरडी. तीन डागांवर उभं होतं सगळं. मी म्हटलं, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा साधारण दशांश मिलिमीटरचा असतो, तो फटीत शिम, म्हणजे पातळ पाचर, म्हणून घालू. त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी डबा परत नेऊन ठेवला.

मग स्क्रेपर बाहेर आला. कानशीचे दात घासून, टोकाला धार लावून त्यांनी स्वतः केलेला, मूठ झिजून काळी झालेली. निळा डाग दिसला की तिथं स्क्रेपर तिरका धरून अंगाच्या रेट्यानं एक बारीक पापुद्रा काढायचा. पुसायचं, निळं लावायचं, टेकवायचं, उचलायचं. दर फेरीला डाग वाढतात आणि लहान होतात. तीनाचे नऊ, नऊचे वीस. एका पापुद्र्यात जेमतेम काही मायक्रॉन निघतात. ही विद्या त्यांना पूर्वीच्या मिस्त्रींनी दिली. त्यांच्या उमेदवारीत तीन प्लेटी एकमेकींशी आळीपाळीनं ताडून सपाट करायला लावत. दोनच घेतल्या तर एक खोलगट आणि एक फुगीर होऊनही छान जुळतात, तिसरी आली की लबाडी चालत नाही. जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज इंजिनिअरनं 1840 साली स्कॉटलंडात, ग्लासगोला हीच रीत विद्वानांपुढं मांडली होती. अण्णांना व्हिटवर्थ फक्त जुन्या आट्यांचं नाव म्हणून माहीत. ब्लू संपली की शेंदूर तेलात कालवून वापरायचो, म्हणाले. मला मारुतीच्या देवळातला शेंदूर आणि बिडावरचा शेंदूर डोळ्यापुढं एकदमच आला.

तीन संध्याकाळी गेल्या. माझी पाठ पहिल्याच दिवशी गेली, त्यांची शाबूत. आठवेल तेव्हा ते "दम घे" म्हणायचे आणि स्वतः चालूच.

जुळवून पुन्हा ओढलं, 0.04. उरलेल्यातलं निम्मं स्पिंडलच्या आयत्या ॲल्युमिनियम पकडीचं निघालं. तिच्या जागी बिडाचा ठोकळा भोक पाडून बसवला तेव्हा 0.02 वर आलो. 200 न्यूटनला वीस मायक्रॉन, म्हणजे एका मायक्रॉनला दहा न्यूटन. कारखान्यातली चांगली मशीनं याच्या कितीतरी पुढं असतात, पण माझ्या पहिल्या मशीनपेक्षा हे शंभर पटींहून जास्त.

आणि तरी ती सहा मिलिमीटरची प्लेट लावल्यावर एका खोल खाचेत आवाज आलाच. या वेळी मी स्वतःच विचारलं, हलतंय कुठं? खाच खोल म्हणून मी 6 मिलिमीटरचा कार्बाइड कटर 40 मिलिमीटर बाहेर काढला होता. हिशेब केला. एवढा बाहेर काढलेला कटर एका मायक्रॉनला पावणेदोन न्यूटनच झेलतो, म्हणजे माझ्या अडीचशे किलोच्या मशीनपेक्षा पाचपट मऊ! तोच 20 वर आखडता घेतला की चौदा. वर्षभर बिडाशी झुंजलो आणि शेवटी सगळं अडलं बोटाएवढ्या कटरवर. कटर आखूड पकडला, खाच दोन टप्प्यांत कापली. घरात कणीक मळताना येतो तेवढाच आवाज. शेजारची खिडकी आता उघडी असते.

अण्णा बघायला आले तेव्हा त्यांनी कापलेल्या कडेवरून नख फिरवलं, दोनदा. मग व्हाइसकडं बोट दाखवून म्हणाले, "हा कुठनं आणलास?" ऑनलाइन, म्हटलं. "मोजलास?" मोजलेला नाही. डायल तिथंच अडकवून ठेवलाय, या रविवारी लावणार आहे.

दिवाळीच्या आधी पडवीला रंग द्यायचा होता. रंगाऱ्यानं कोपऱ्यातलं धूड बघून विचारलं, हे जरा सरकवता का? मी आणि त्यानं मिळून ढकलून बघितलं. मग तो "तेवढं सोडून मारतो" म्हणाला आणि ब्रश मागं जाईल तितका घातला. पडवी आता पांढरी आहे आणि मशीनच्या मागं जुना पिस्ता रंग.